कमी आवाजाचा घरगुती संगणक: काका-पुतणीचा वाद

घरच्या संगणकाचा आवाज तीन ठिकाणांहून येतो: पंखे, फिरती हार्ड डिस्क आणि वीजपुरवठ्याच्या भागांतील तारेची वेटोळी. यांत पंख्यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि पंखे फिरतात ते उष्णता बाहेर काढण्यासाठी. प्रोसेसर असो वा ग्राफिक्स कार्ड, त्याने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. त्यामुळे 65 वॉटचा प्रोसेसर आणि 170 वॉटचे ग्राफिक्स कार्ड यांतला फरक केवळ कामाच्या वेगाचा नसतो. खोलीत किती घरघर ऐकू येईल, हेही त्यावरच ठरते. कमी खर्चात शांत यंत्र जुळवायचे, तर उष्णता कुठे निर्माणच होऊ द्यायची नाही, हे आधी ठरवावे लागते. नंतर पंखे बदलून आणि आतून फोम चिकटवून जे साधते ते थोडे असते, आणि महागही पडते.

या निवडीत दोन दृष्टी समोरासमोर येतात. घरात एकच संगणक असणार, तर तो सगळी कामे करण्याइतका ताकदवान हवा, आवाजाचे नंतर पाहू, असे एकीचे म्हणणे. रोजच्या कामांना ताकद थोडीच लागते, आवाज मात्र रोज सोसावा लागतो, असे दुसरीचे. पुढे या दोन बाजू नागपूरच्या एका घरातील काका आणि पुतणी यांच्या तोंडी घातल्या आहेत. काका निवृत्त शिक्षक. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे. पुतणी व्हिडिओ संकलन शिकणारी. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेत. बाकीच्या जुळणीसाठी 50 हजार रुपयांची मर्यादा धरली आहे.

पुतणीचा पहिला प्रस्ताव सरळ होता. "काका, आधी ग्राफिक्स कार्ड ठरवू. बाकीचं त्याच्याभोवती बसवता येतं."

"आधी घरात कोण काय करतं ते लिही," काका म्हणाले. "आणि किती वाजता करतं, तेही."

वेळेचा हा रकाना सहसा कुणी मांडत नाही, आणि निम्मा प्रश्न त्यातच सुटतो. या घराची यादी अशी निघाली: काकांचे ध्वनिमुद्रण पहाटे, गल्ली जागी होण्याआधी. दिवसा बँकेची कामे, पत्रव्यवहार, वर्षातून एकदा आयकराचे विवरणपत्र. संध्याकाळी काकूंचे यूट्यूब. रात्री पुतणीचे संकलन. सुट्टीत धाकट्या भावाचे गेम. आणि सगळ्या घराचे गेल्या पंधरा वर्षांचे फोटो, जे कुठेतरी नीट राहायला हवेत. यादी मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कामाला सर्वाधिक शांतता लागते, ते ध्वनिमुद्रण, यंत्रावर जवळजवळ काहीच भार टाकत नाही. सर्वाधिक भार टाकणारे काम म्हणजे तयार व्हिडिओ रेंडर करणे. पण ते चालू असताना समोर बसून राहावे लागत नाही. म्हणजे 'शांत संगणक' या मागणीत दोन वेगळ्या मागण्या आहेत: रिकामा असताना शांत, आणि भाराखाली शांत. पहिली स्वस्तात मिळते, दुसरीला पैसे पडतात. दोन्ही एकाच वेळी हव्यात असे धरून चालणारे बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त खर्च करतात.

"मग झालं की," पुतणी म्हणाली. "पहाटे तो रिकामाच असतो. कार्डाचे पंखे तर भार नसताना बंदच पडतात."

हे खरे आहे. अलीकडच्या अनेक ग्राफिक्स कार्डांत तापमान साधारण 50 ते 60 अंशांच्या खाली असेपर्यंत पंखे थांबलेले राहतात. पण काकांचा आक्षेप वेगळा होता. "नागपुरात एप्रिल-मेमध्ये खोलीच 36-38 अंशांवर असते. तुझं ते 'भार नसताना' इथे कसं लागू होणार?"

आक्षेप रास्त आहे, कारण शीतकरण नेहमी खोलीच्या हवेपासून मोजावे लागते. प्रोसेसरवर बसवलेला एखादा कूलर ठरावीक भाराखाली त्याला खोलीपेक्षा 40 अंशांनी वर ठेवत असेल, तर 25 अंशांच्या खोलीत तो 65 अंशांवर राहील आणि 38 अंशांच्या खोलीत 78 वर. प्रोसेसरला याने धोका नाही; आजचे प्रोसेसर 95 ते 100 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. पण पंखा तापमान पाहून वेग वाढवतो, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या चाचण्यांत 'ऐकूच येत नाही' असा शेरा मिळालेली जुळणी विदर्भात मे महिन्यात चांगलीच ऐकू येते. परदेशी परीक्षणे वाचताना त्यांतला खोलीच्या तापमानाचा आकडा आधी पाहावा. बहुतेकदा तो 20 ते 25 च्या दरम्यान असतो.

"पण मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो, काका. त्या खडखडाटात संगणक ऐकू तरी येणार आहे का तुम्हाला?"

"उन्हाळ्यात नाही येणार. पण कूलर फार तर चार महिने. डिसेंबरात पंखासुद्धा बंद असतो, तेव्हा भिंतीवरचं घड्याळही ऐकू येतं."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि भारतीय घरापुरते ते महत्त्वाचे आहे. आवाज किती त्रास देतो हे खोलीत आधीपासून असलेल्या आवाजावर ठरते. छताचा पंखा किंवा वाळ्याचा कूलर चालू असेल, तर संगणकाची मंद घरघर त्यात बुडून जाते. यंत्राला जेव्हा जास्त आवाज करावा लागतो तेव्हाच खोलीही गोंगाटाची असते, आणि खोली शांत असते त्या हिवाळ्यात यंत्रालाही कमी तापावे लागते. म्हणून इथे उन्हाळ्यातील कमाल आवाजासाठी पैसे ओतण्यापेक्षा हिवाळ्याच्या रात्रीचा किमान आवाज पाहून निवड करणे शहाणपणाचे. (उन्हाळ्यातल्या ध्वनिमुद्रणात अडचण संगणकाची नसून कूलरची असते, आणि तो वीस मिनिटे बंद ठेवण्यावाचून उपाय नाही.)

डेसिबलचे माप थोडे समजून घेतले की पुढचे वाद आखूड होतात. हे माप सरळ बेरजेचे नाही. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर पातळी दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते. याउलट पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो आणि हवा मात्र निम्मी मिळत राहते. म्हणजे एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवावेत: हवा साधारण तेवढीच मिळते आणि आवाज बराच कमी होतो. कमी आवाजाच्या जुळणीचा सारा हिशेब 3 आणि 15 या दोन आकड्यांवर उभा आहे.

खरा वाद प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर झाला. पुतणीने मागितले होते ते 170 वॉटचे कार्ड, म्हणजे आरटीएक्स 3060 च्या वर्गातले. काकांचे म्हणणे, कार्ड नकोच. ज्यात ग्राफिक्स आतच आहे असा प्रोसेसर घ्यावा.

"आतल्या ग्राफिक्सवर माझं काम कसं होणार?" पुतणीने विचारले. "शंभर थरांची टाइमलाइन असते."

"गेल्या महिन्यात तू जे केलंस, त्यात किती थर होते?"

"...पाच-सहा. पण पुढे लागतील ना."

व्हिडिओ संकलनाचा भार कुठे पडतो ते इथे पाहिले पाहिजे. मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत एच.264 किंवा एच.265 या पद्धतीने दाबून साठवलेली असते. ती उलगडणे आणि शेवटी पुन्हा दाबणे ही मोठी कामे. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये यासाठी 'क्विक सिंक' नावाचा खास विभाग असतो आणि नावाजलेली संकलन-सॉफ्टवेअर्स त्याचा उपयोग करतात. रंगछटांचे जड संस्करण, गजबजलेले इफेक्ट, त्रिमितीय ॲनिमेशन यांना मात्र स्वतंत्र कार्डाची ताकद लागते. तिथे आतले ग्राफिक्स खरोखर कमी पडते. शिकण्याच्या काळात चित्रफितीच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, बनवून काम करण्याचा मार्ग असतो. व्यावसायिकही तो वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

उमेदवार तीन होते. पहिला, इंटेलचा कोअर आय5-12400: सहा गाभे, पाया 65 वॉट, पूर्ण जोरात 117 वॉटपर्यंत. दुसरा, एएमडीचा रायझन 5 5600जी: तोही सहा गाभ्यांचा, 65 वॉटच्या वर्गातला, 2021 चा, आतले ग्राफिक्स गेमसाठी इंटेलच्या या प्रोसेसरपेक्षा सरस. तिसरा, रायझन 5 8600जी, 2024 चा, तिन्हींत सर्वांत चांगले आतले ग्राफिक्स असलेला, पण त्याला नवा एएम5 मदरबोर्ड आणि डीडीआर5 रॅम लागते.

धाकट्या भावाकडे पाहून पुतणी 5600जी कडे झुकली. काकांनी हरकत घेतली ती काकूंच्या वतीने, आणि ती ऐकण्यासारखी आहे. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही1 पद्धतीने पाठवते. 5600जी मधले वेगा ग्राफिक्स एव्ही1 उलगडू शकत नाही. ते काम प्रोसेसरच्या गाभ्यांवर पडते आणि साधा व्हिडिओ पाहतानाही पंख्याचा वेग वाढतो. 12400 आणि 8600जी यांच्यात त्यासाठी खास सोय आहे. ज्या घरात संगणक रोज दोन-तीन तास व्हिडिओ पाहण्यासाठी चालतो, तिथे शांततेच्या दृष्टीने हा मुद्दा गेममधल्या फ्रेमच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. वेगाच्या कोष्टकांत तो दिसतच नाही.

"म्हणजे 8600जीच घ्या ना मग. एएम5 ला पुढे नवा प्रोसेसरही बसेल."

"बसेल. पण बोर्ड आणि रॅममध्ये पैसे गेल्यावर एसएसडी कशातून घेणार?"

पुतणीची बाजू इथे कमकुवत नाही. एएम5 हे 2022 मध्ये आलेले सॉकेट असून एएमडीने त्याला किमान 2027 पर्यंत साथ देण्याचे जाहीर केले आहे. 12400 ज्या एलजीए1700 सॉकेटवर बसतो, त्याची वाट इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपते. दहा वर्षे डबा तोच ठेवून आतले भाग बदलत जाणाऱ्याने एएम5 घ्यावे. पण बहुतेक घरांत प्रोसेसर एकट्याने कधीच बदलला जात नाही. बदलायची वेळ येते तेव्हा बोर्ड आणि रॅमही जुने झालेले असतात. त्यातच 2025 च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले. एलजीए1700 साठी डीडीआर4 घेणारे बोर्डही मिळतात, आणि घरातल्या जुन्या संगणकात डीडीआर4 ची रॅम असेल तर ती इथे कामी येते. या अंदाजपत्रकात हा फरक निर्णायक ठरतो. रॅम मात्र 16 जीबीची एकच स्टिक न घेता 8 जीबीच्या दोन घ्याव्यात, कारण आतले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते आणि दोन मार्गांनी माहिती मिळाली की त्याचा वेग चांगलाच वाढतो. प्रोसेसर घेताना नावाशेवटचे अक्षरही तपासावे. 12400एफ थोडा स्वस्त मिळतो, पण 'एफ' म्हणजे आतले ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय त्यावर पडदाच उजळणार नाही.

मधल्या टप्प्यावर काकांनी वेगळाच फाटा काढला: जुळणी करायचीच कशाला? कार्यालयांतून बाहेर पडलेले, दुरुस्त करून विकले जाणारे छोटे डेस्कटॉप बाजारात आहेत. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही त्यांतली नावे. साधारण एक लिटर आकाराचा डबा, बहुधा 35 वॉटचा प्रोसेसर, वीजपुरवठा लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर. याहून स्वस्त आणि कमी वीज खाणारे काही जुळवता येणे कठीण. दुसरा पर्याय इंटेल एन100 चे मिनी पीसी. चार गाभे, 6 वॉटचा वर्ग, एव्ही1 ची सोयही आहे. काकांच्या सगळ्या कामांना ते पुरून उरते.

"तुमच्या कामांना, काका. माझ्या नाही. आणि त्या टायनीत पंखा आहे तो केवढा? भार आला की शिट्टी मारतो."

पुतणीचे निरीक्षण बरोबर आहे. छोट्या डब्यात पंखाही छोटा, त्याला तेवढीच हवा ढकलायला पुष्कळ वेगाने फिरावे लागते, आणि त्याचा सूर उंच असतो, जो कानाला अधिक टोचतो. असे यंत्र रिकामे असताना शांत आणि भाराखाली चिडके. एकट्या काकांसाठी हाच सर्वोत्तम पर्याय झाला असता. अनेक हातांच्या घरासाठी नाही. जुने यंत्र घेताना पिढीही पाहावी लागते. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 तसेच इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली उत्तम चालते, पण कुटुंबातल्या सगळ्यांना ती मानवेलच असे नाही.

अखेर जुळणीच करायचे ठरले, आणि तडजोडही तिथेच झाली: आता 12400, कार्ड नाही, पण कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि बोर्ड असे की पुढे कार्ड घालता येईल. कार्ड घातलेच तर 70 वॉटचे आरटीएक्स 3050, 6 जीबीवाले. स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटवर ते चालते, वेगळी केबल लागत नाही. पुतणीला हे पटले ते शांततेसाठी नव्हे. कार्डाचे पैसे वाचले तर मोठी एसएसडी येते, आणि संकलनात तिचा फरक रोज जाणवतो.

कूलरबाबत मतभेद फारसा उरला नाही. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा पंखा चालतो, पण भाराखाली तो कर्कश होतो. चार तांब्याच्या नळ्या आणि 120 मिलिमीटरचा पंखा असलेला साधा टॉवर कूलर हा संपूर्ण जुळणीत पैशाच्या मानाने सर्वाधिक शांतता देणारा भाग आहे. पाण्याने थंड करणाऱ्या संचांची जाहिरात खूप होते. पण त्यांतला पंप रिकाम्या अवस्थेतही चालूच राहतो, आणि या वर्गाच्या प्रोसेसरला त्यांची गरज नाही. बिनपंख्याचा डबा हे काकांचे मूळ स्वप्न होते. "एकही पंखा नाही म्हणजे आवाजच नाही," असे ते म्हणत. पुतणीने ते मोडून काढले: मिनिटाला 500-600 फेरे घेणारा मोठा पंखा हातभर अंतरावरूनही जवळपास ऐकू येत नाही, आणि तोच काढला तर नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसर स्वतःचा वेग कापू लागतो. शून्य पंखे आणि दोन संथ पंखे यांतला फरक कानाला कळत नाही, खिशाला कळतो.

कॅबिनेट निवडताना बहुतेक जण फसतात. पुढून काच किंवा बंद पत्रा असलेले, आतून फोम लावलेले डबे 'सायलेंट' म्हणून विकले जातात. फोम आवाज थोडा अडवतो खरा, पण हवाही अडते, आणि मग पंखे जास्त वेगाने फिरवावे लागतात. पुढे जाळी, आत 120 किंवा 140 मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे पुरे. 140 चा पंखा 120 च्या तुलनेत क्षेत्रफळाने सुमारे 36 टक्के मोठा, म्हणून तेवढीच हवा तो अधिक सावकाश देतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली तर फटींतून धूळ शोषली जात नाही, जाळीवरच अडते, आणि जाळी धुता येते. धुळीने भरलेला कूलर नव्या स्वस्त कूलरपेक्षाही जास्त आवाज करवतो. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून ब्लोअर मारण्याची सवय ही सर्वांत स्वस्त सुधारणा. मागच्या बाजूच्या उघड्या स्लॉटच्या पट्ट्या फेकून देऊ नयेत, बसवाव्यात. पाली आणि झुरळे त्याच वाटेने आत शिरतात, आणि बोर्डावर मेलेली पाल हा दुरुस्तीच्या दुकानांतला जुनाच अनुभव आहे.

रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर बोलण्यासारखे काही नाही. तेवढ्याच पैशांत साधा पण चांगल्या बेअरिंगचा पंखा येतो, आणि स्लीव्ह बेअरिंगचे स्वस्त पंखे उष्णतेत लवकर घरघरू लागतात.

एसएमपीएसवर मात्र काका अडून बसले. "पन्नास हजारांत हा भाग सगळ्यात स्वस्तातला का घेतात लोक?"

"कारण तो दिसत नाही," पुतणी म्हणाली. "आणि त्याने वेग वाढत नाही."

कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस काढून बाजूला ठेवावा, हा सल्ला इथे कोणत्याही पक्षाचा नाही, तो दोघांचाही आहे. 80 प्लस ब्राँझ दर्जाचा पुरवठा अर्ध्या भारावर किमान 85 टक्के कार्यक्षम असतो. उरलेले 15 टक्के त्याच्याच पोटात उष्णता होतात आणि त्याचा पंखा फिरवतात. या जुळणीची एकूण भूक पूर्ण भाराखालीही, पुढे कार्ड घातले तरी, 250 वॉटच्या आत राहते. 450 वॉटचा चांगल्या कंपनीचा ब्राँझ पुरेसा. 750 वॉटच्या अनोळखी डब्यापेक्षा तो अधिक शांत आणि अधिक सुरक्षित. वेटोळ्यांचा बारीक किणकिणाट, ज्याला कॉइल व्हाइन म्हणतात, कोणत्याही दर्जाच्या भागात निघू शकतो. तो विकत घेण्याआधी कळत नाही, म्हणून परतीची मुदत संपण्याआधी रात्री छताचा पंखा बंद करून एकदा ऐकून घ्यावे.

साठवणुकीत वाद असा नव्हताच. मुख्य डिस्क एनव्हीएमई एसएसडी, 1 टीबीची. हलणारा भाग नाही म्हणून आवाज नाही. प्रश्न फोटोंचा. 3.5 इंची हार्ड डिस्क बऱ्याचदा मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. त्याच कंपसंख्येचा खोल घुमारा पत्र्याच्या डब्यात उठतो आणि टेबलात उतरतो. ध्वनिमुद्रणात तो मायक्रोफोनच्या स्टँडमधून वर चढतो. म्हणून फिरती डिस्क डब्यात बसवूच नये. 2.5 इंची यूएसबी डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा जोडून प्रत काढावी आणि काढून कपाटात ठेवावी. एसएसडी बिघडते तेव्हा बहुधा पूर्वसूचना देत नाही, त्यामुळे ही दुसरी प्रत ऐच्छिक समजू नये.

वीज जाण्याचा हिशेब पुतणीच्या यादीत नव्हता. काकांच्या होता. संगणक आणि मॉनिटर मिळून 80 वॉट घेत असतील, तर साध्या 600 व्हीएच्या यूपीएसमधली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर तासभर पुरते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. 300 वॉटच्या यंत्राला तीच बॅटरी काम जतन करून बंद करण्यापुरतीच. घरात इन्व्हर्टर असेल तर तो 'यूपीएस' मोडवर ठेवावा, म्हणजे वीज जाताच संगणक बंद पडत नाही. वीजबिलातही फरक पडतो. रोज चार तास 60 वॉट कमी लागले तर वर्षाला साधारण 88 युनिट वाचतात; युनिटला 10 रुपये धरले तर 880 रुपये. रक्कम मोठी नाही, पण चांगला टॉवर कूलर बाजारात ज्या भावाला मिळतो त्याच्या आसपास पोहोचायला तिला फार वर्षे लागत नाहीत.

भाग जुळवून झाले तरी यंत्र शांत होईलच असे नाही, कारण मदरबोर्डच्या कारखान्यातल्या सेटिंग चिडक्या असतात. एखादे पान उघडले की प्रोसेसर क्षणभर वेग घेतो, तापमान दहा अंश उडी मारते, पंखा गुरगुरतो आणि पुन्हा शांत होतो. सलग मंद आवाजापेक्षा हे चढउतार जास्त त्रास देतात. बायोसमध्ये पंख्याचा आलेख बदलता येतो: 60 अंशांपर्यंत सर्वांत कमी वेग, त्यापुढे हळूहळू चढ, आणि वेग वाढण्याआधी काही सेकंदांचा उशीर. काही बोर्ड प्रोसेसरवरची वीजमर्यादा स्वतःहून उठवतात. ती पुन्हा 65 वॉटवर आणली तर लांब रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो आणि आवाज ठळकपणे उतरतो. पुतणीने ही मर्यादा मान्य करायला नकार दिला. उपाय निघाला तो असा की पहाटेसाठी कमी आणि रात्रीच्या रेंडरसाठी पूर्ण, असे दोन प्रोफाइल बायोसमध्ये जतन करावेत. रोज पहाटे बायोसमध्ये शिरून प्रोफाइल कोण बदलणार, हा प्रश्न दोघांनीही टाळला. व्यवहारात अशी घरे कमी मर्यादेवरच स्थिरावतात.

जागेचा विचार शेवटी येतो, पण त्याला पैसे पडत नाहीत. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी घटतो, तरी डबा टेबलावरून खाली, कानापासून दूर गेला की फरक कळतो. थेट जमिनीवर मात्र धूळ ओढली जाते. चार इंच उंच लाकडी पाट पुरे. वाळ्याच्या कूलरच्या दमट झोतात डबा ठेवू नये. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन एका दिशेने ऐकणारा असावा आणि संगणक त्याच्या पाठीमागे. ही मांडणी महागड्या पंख्यांइतके काम करते.

"आणि तरी आवाज आलाच," पुतणी म्हणाली, "तर संहिता टॅबवर घ्या आणि रेकॉर्डिंगपुरता संगणक बंद ठेवा."

काकांना हे आवडले नाही, पण उत्तरही सापडले नाही. छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर मुद्रण करून नंतर संगणकावर संस्करण करणे हा वाचिक मुद्रण करणाऱ्यांचा जुना आणि निर्दोष मार्ग आहे.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये करा वा ऑनलाइन. असेंबल केलेल्या संगणकाला एकच वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. प्रोसेसर खोकाबंद घ्यावा. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणाऱ्याला कंपनीची किरकोळ विक्रीची वॉरंटी सहसा मिळत नाही. बिल जीएसटीसह घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि खोकी किमान परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नयेत.